आघाडा, अपामार्ग, चिरचिटा : झाड एकच, पण औषध कुठल्या भागाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ज्याला आघाडा म्हणतात त्यालाच काष्ठौषधीवाला अपामार्ग म्हणाला आणि दिल्लीकडच्या शेजारणीने चिरचिटा. तर ही तिन्ही एकच का? सासूबाई दाढ दुखली की त्याची काडी चावायला सांगतात, गावी विंचू चावला की पाला बांधायचे म्हणतात. त्यात मोबाइलवर कुणीतरी दाखवलंय की आघाड्याच्या बियांची खीर खाल्ली की आठवडाभर भूक लागत नाही आणि वजन उतरतं. यातलं खरं किती, आणि कुंडीत आघाडा लावावा का?

आधी सोपं उत्तर. हो, तिन्ही एकच. अवघड भाग पुढे आहे. आघाडा 'कशावर चालतो' हे लोक मला विचारतात, आणि मी उलट विचारते, आघाड्याचं काय? मुळी, पाला, बी की राख? या चार गोष्टींची चार वेगळी औषधं होतात. एकाचा गुण दुसऱ्याला चिकटवला की घोळ होतो. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये आघाड्यामुळे जे जे बिघडलेलं पाहिलं, ते बहुतेक या घोळातूनच.

ओळख पटवून घ्या. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला, पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला कमरेपर्यंत वाढतो. खोड चौकोनी अंगाचं, पेरापाशी किंचित फुगलेलं, पानं समोरासमोर जोडीने. श्रावण-भाद्रपदात शेंड्यातून लांब तुरा निघतो, दीड-दोन वितींचा. कोवळेपणी या तुऱ्यातली फुलं वर तोंड करून असतात, मग जशी जुनी होतात तशी खाली वळून दांड्याला चिकटतात. आता बोटाने तपासा. तुऱ्यावरून वरून खाली बोट फिरवलं तर सरळ घसरतं. खालून वर फिरवलं की टोचतं. ही खूण एकदा हाताला कळली की आघाडा चुकत नाही.

संस्कृतातली निम्मी नावं याच खुणेवरून आली आहेत. अधःशल्य म्हणजे खाली टोकं असलेला. प्रत्यक्पुष्पी म्हणजे उलट्या फुलांची. खरमंजरी म्हणजे खरखरीत तुऱ्याची. दुर्ग्रहा म्हणजे धरायला कठीण. पंजाबीत पुठकंडा म्हणतात, त्याचाही अर्थ उलटा काटा. गंमत म्हणजे १७५३ साली लिनियसने दिलेलं शास्त्रीय नाव अकिरँथस अ‍ॅस्पेरा हेही तेच सांगतं : ग्रीक अकिरॉन म्हणजे भूस, अँथॉस म्हणजे फूल, आणि लॅटिन अ‍ॅस्पेरा म्हणजे खरखरीत. आपल्या निघंटुकारांची, म्हणजे औषधी वनस्पतींचे जुने कोश लिहिणाऱ्यांची, आणि त्या स्वीडिश माणसाची कधी गाठ पडली नाही, पण दोघांचंही बोट त्याच तुऱ्यावरून फिरलं असणार.

बाकी नावं भराभर सांगते. हिंदीत चिरचिटा, लटजीरा किंवा ओंगा. गुजरातीत अघेडो, बंगालीत आपांग, कानडीत उत्तराणी, तेलुगूत उत्तरेणु, तमिळमध्ये नायुरुवी. काष्ठौषधीच्या दुकानात अपामार्ग म्हणा, बरोबर पुडी मिळेल, फक्त पंचांग, म्हणजे मुळापासून बीपर्यंत सगळं झाड, हवं की नुसतं मूळ की बी ते स्पष्ट सांगा. अपामार्ग या शब्दाचं मूळ 'पुसून टाकणं' या अर्थाच्या धातूत आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात याच झाडाला उद्देशून सूक्तं आहेत, आणि त्यांत हा पुसून टाकण्याचा अर्थ पुन्हा पुन्हा येतो.

पांढरा आणि तांबडा असे दोन प्रकार सांगितले जातात. पांढऱ्याचं खोड हिरवं, तांबड्याच्या खोडाला आणि तुऱ्याला लालसर झाक. निघंटूंत तांबड्याचे गुण थोडे कमी मानले आहेत, म्हणून निवड असेल तर मी हिरव्या खोडाचा घेते. सावलीत-उन्हात, कोरड्या-ओल्या जागेत रंग थोडा बदलतो, त्यामुळे यावर फार भांडू नये.

आपल्याकडे आघाडा औषधाआधी देवघरात शिरलेला आहे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, मंगळागौरीच्या पत्रीत आघाडा, गणपतीच्या एकवीस पत्रींत अपामार्ग, आणि दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमीला आघाड्याच्या काडीने दात घासायचे. माझी आजी ऋषिपंचमीला पहाटे काड्यांची जुडी पाटावर मांडून बसायची. आम्ही मुली दोन-तीन काड्या चावून पळायचो, ती सगळ्या संपवायची. आता शहरात पत्रीच्या वाट्यात आघाड्याच्या नावाखाली काहीही हिरवं खपवतात. तुरा नसलेला वाटा आला तर पानं समोरासमोर आहेत का एवढं तरी बघा.

इथेच तुमच्या सासूबाईंच्या काडीकडे येऊ. आघाड्याची ताजी मुळी किंवा खालची जून काडी, करंगळीएवढी जाड, टोक चावून कुंचल्यासारखं करायचं आणि त्याने दात घासायचे. चव तुरट-कडवट-तिखट, तोंडाला पाणी सुटतं, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. हिरड्या सुजून रक्त येणाऱ्यांना याने बरं वाटतं हे मी पाहिलेलं आहे. दाढ ठणकत असेल तर पानांचा रस कापसाच्या बोळ्याने दाढेत धरतात, तात्पुरता उतार पडतो. पण दाढ किडून पोकळी झाली असेल किंवा गाल सुजला असेल तर काडीने कीड जात नाही. रात्र काढायला काडी ठीक, सकाळी दातांचा डॉक्टर. आणि राखेने दात घासू नका. मुळीची काडी वेगळी आणि आघाड्याची राख वेगळी. राखेतला क्षार हिरडी भाजतो. पांढऱ्या पडलेल्या, सोललेल्या हिरड्या घेऊन आलेले दोघे-तिघे तरी मला आठवतात. 'आघाड्यानेच तर घासले' असं सगळ्यांचं म्हणणं.

पाल्याचं फार लांबवत नाही. कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे कातकरी मावश्या करतात. पाला उकडून पाणी काढून टाकतात, मग लसूण-मिरचीची फोडणी. आघाडा माठ-राजगिऱ्याच्याच कुळातला आहे, त्यामुळे भाजीला यात काही आश्चर्य नाही. तुरा आला की भाजी संपली, पानं राठ होतात. मुतखड्याचा त्रास असेल तर ही भाजी कधीमधीच. पाल्याचा दुसरा उपयोग गांधीलमाशी, मधमाशी चावल्यावर किंवा काटा सलत असल्यावर ठेचून लावायचा. मधमाशीचा काटा आधी नखाने खरवडून काढायचा, मग पाला. आग कमी होते. एवढ्यापुरतं मी स्वतः वापरते.

आता विंचू. आमच्या कोकणात हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आघाड्याची मुळी उगाळून दंशावर लावणं, मुळी दंशाच्या जागेवरून फिरवत 'विष उतरवणं', हे सगळं मी लहानपणी पाहिलं आहे. जुन्या ग्रंथांतही आघाडा विषावर सांगितला आहे. मग ते सगळे खोटे का? नाही. काळ्या मोठ्या विंचवाचा दंश भयंकर ठणकतो पण सहसा काही तासांत आपोआप ओसरतो. अशा रुग्णाला काहीही लावलं तरी उतार पडणार, आणि त्याचं श्रेय मुळीला मिळणार. लाल विंचू छोटा, त्याचं गणित वेगळं. त्याच्या विषाने घामाच्या धारा लागतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो, आणि काही तासांत हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलं यात दगावतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली आणि या दंशाने होणारे मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले. मुंबईत हाफकिनला विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही बनतं. तेव्हा विंचू कुठला ते बघत बसू नका. मुळी उगाळण्यात जो अर्धा तास जातो तोच अर्धा तास गोळीचा असतो. दवाखान्याच्या वाटेवर कुणी पाला बांधला तर बांधू दे, पण वाट थांबवू नका. मी वैद्य आहे आणि माझ्या घरात कुणाला विंचू चावला तर मी हेच करते.

खिरीचा प्रश्न मात्र मला आवडला, कारण त्यामागे खरोखर जुना आधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचं नावच अपामार्गतंडुलीय. अपामार्गतंडुल म्हणजे आघाड्याच्या कोंडा काढलेल्या बिया. अध्याय सुरू होतो तो त्या बियांपासून, नाकात टाकून डोक्यातला कफ काढण्याच्या औषधांत. पुढे एका ठिकाणी या शिरोविरेचनाच्या, म्हणजे डोक्यातला कफ काढण्याच्या, द्रव्यांत आघाडा सर्वांत श्रेष्ठ म्हटला आहे. त्याच दुसऱ्या अध्यायात निरनिराळ्या पेजांची यादी आहे, आणि तिच्यात भूक मारणारी पेज येते : आघाड्याच्या बिया, दूध आणि घोरपडीचा रस. व्हिडिओवाले घोरपड गाळतात. गाळलेलीच बरी, कारण घोरपड मारणं वन्यजीव कायद्याने गंभीर गुन्हा आहे.

म्हणजे भूक मारते हे बरोबर. पण कोणाची? ज्याला खाऊन खाऊन समाधान होत नाही, खाल्लेलं भस्म होतं आणि अंगी लागत नाही, अशा भस्मक रुग्णासाठी वैद्य ती वापरायचे. असा रुग्ण आज आला तर मी खिरीआधी त्याची साखर आणि थायरॉइड तपासायला पाठवते. वजन उतरवायला ही खीर कुणी सांगितलेली नाही. या बियांत सॅपोनिनं भरपूर असतात, रिठ्यात असतात त्याच जातीची. कुटलेलं बी पाण्यात घुसळा, फेस येईल. पोटाला ते जड जातं, आणि जड पडलेलं पोट भूक मागत नाही, माझ्या मते गोष्ट एवढीच.

दोन वर्षांपूर्वी तिशीतली एक बाई आली. लग्न दोन महिन्यांवर, व्हिडिओ पाहून मूठभर बियांची खीर केली आणि तीन दिवस दुसरं काही खाल्लं नाही. पहिल्या दिवशी मळमळ, दुसऱ्या दिवशी उलट्या, तिसऱ्या दिवशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. वजन उतरलं होतं खरं, पण ते पाणी होतं. दोन सलाइन लागल्या. शिवाय तिने बिया नीट निवडल्याही नव्हत्या. आघाड्याचं बी तांदळाच्या कणीएवढं, तपकिरी, आणि त्याच्यावर टोकदार भुसा. तुरा चोळून, उखळात हलक्या हाताने कांडून, तीन-चारदा पाखडल्याशिवाय कोंडा सुटत नाही. तो कोंडा घशात रुतला की नुसता खोकला. पूर्वीच्या बायका हे काम अर्धा दिवस करायच्या. मिक्सरचं ते काम नाही.

बियांचा दुसरा परंपरागत उपयोग रक्ती मूळव्याधीवर, बी वाटून तांदळाच्या धुवणातून. मी तो क्वचित देते आणि गुदद्वारातून रक्त का जातंय याची तपासणी झाल्याशिवाय तर देतच नाही. चाळिशीनंतर रक्त दिसलं आणि 'मूळव्याधच असेल' म्हणून झाडपाल्यावर सहा महिने काढले, असं करू नका.

आता राख. माझ्या मते आघाड्याचं खरं मोठं औषध हेच, आणि घरी करायचं नाही असंही हेच. मी दर वर्षी दिवाळीनंतर क्षार पाडते. तुरे पिकून झाड वाळायला लागलं की मुळासकट उपटायचं, माती झटकून आठवडाभर उन्हात. मग अंगणात लोखंडी पत्र्यावर जाळायचं, दुसरं कुठलंही लाकूड न घालता. राख गार झाली की चाळायची, सहापट पाण्यात कालवून रात्रभर ठेवायची. सकाळी वरचं निवळ पाणी चौपदरी धोतरातून गाळायचं, पुन्हा गाळायचं, पुन्हा. सुश्रुताने एकवीसदा सांगितलं आहे. पाणी फिक्या चहासारखं दिसतं आणि बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं. मग मंद आचेवर आटवायचं, स्टीलच्या किंवा लोखंडी कढईत. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरलं तर ते भांडंच खातं, हे मी शिकले ते एक चांगलं पातेलं घालवून. तळाशी उरतो तो करडा-पांढरा क्षार. पोतंभर झाडांचा मूठभर. लगेच काचेच्या बाटलीत बूच लावून ठेवायचा, नाहीतर हवेतलं पाणी ओढून रात्रीत चिखल होतो. हा मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतो. पोटात द्यायचा तर आम्ही गुंजेच्या मापाने देतो, कफ चिकटून बसलेला खोकला, पोटातला गुबारा, मूत्रमार्गातली खर अशा तक्रारींत. मूत्रपिंड दुबळं असलेल्याला किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असलेल्याला हे पोटॅशियम महागात पडू शकतं. तीळतेलात शिजवलेलं क्षारतेल कानात आवाज येण्यावर आणि कमी ऐकू येण्यावर सांगितलं आहे, पण कानाचा पडदा फाटलेला असेल तर ते घातक, आणि पडदा फाटलाय की नाही हे घरी दिसत नाही.

याच क्षाराने आघाड्याला शस्त्रक्रियागृहात नेलं. भगंदरावर, म्हणजे गुदद्वाराशेजारी पडणाऱ्या वाहत्या नळीवर, क्षारसूत्राची म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याची कल्पना सुश्रुतात आहे, आणि बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा उभी केली. जाड लिननचा दोरा, त्याला निवडुंगाच्या चिकाचे अकरा थर, मग चीक आणि आघाड्याचा क्षार असे सात, शेवटी चीक आणि हळद असे तीन. एकूण एकवीस. प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. हा दोरा भगंदराच्या नळीतून ओवून बांधतात आणि आठवड्याला बदलतात. तो नळी हळूहळू कापत जातो आणि मागून ती भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर शस्त्रक्रियेशी याची तुलना केली, निष्कर्ष १९९१ साली छापून आले : बरं व्हायला क्षारसूत्राला जास्त आठवडे लागतात, पण भगंदर पुन्हा उलटण्याचं प्रमाण कमी. आघाड्याच्या बाजूने आजचा पुरावा विचाराल तर मी हाच पुढे करते, खीर नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गरोदरपणात आघाड्याचं काहीही पोटात घेऊ नये. सुईणी अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेला आघाड्याची मुळी बांधायच्या आणि बाळ बाहेर येताच घाईने सोडायच्या. ते बांधण्यापुरतं होतं तोवर ठीक. पण हीच मुळी गर्भ पाडायला आत सारण्याचा प्रकार खेड्यांत चालत आलेला आहे. मी नवीन असताना अशी एक मुलगी पाहिली, अंगात ताप, पोट फळीसारखं, दुर्गंधी. तालुक्याच्या दवाखान्यात पाठवली, वाचली, पण पुढे मूल झालं नाही. या देशात गर्भपात १९७१च्या कायद्यानुसार ठरावीक अटींवर कायदेशीर आहे, मान्यताप्राप्त केंद्रात होतो, आणि नाव गुप्त राहतं. ओळखीत कुणावर ही वेळ आली तर मुळी नाही, हे सांगा. पूजेच्या पत्रीला हात लावण्याने मात्र काही होत नाही. तेवढ्यासाठी जिवती सोडू नका.

राहिली कुंडी. लावा की. सहा इंचांची कुंडीही पुरते, ऊन असलं की झालं. पत्रीपुरता पाला आणि ऋषिपंचमीच्या चार काड्या घरच्या मिळतील. फक्त तुरे पिकायच्या आत खुडा, नाहीतर पुढच्या पावसात शेजारच्या तिन्ही कुंड्यांत आघाडाच उगवेल. आणि बी विकत घेऊ नका. दिवाळीत गावी गेलात की परड्यात एक चक्कर मारा, घरी येऊन साडीचा काठ तपासा. पाच-दहा बिया चिकटून आलेल्या असतील.